नऊ नंबरचे सतरा दाणे

नऊ नंबरच्या कुंडीतून सतरा दाणे निघाले आणि चिमटेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

खरं तर दाणे निघणं ही आनंदाची गोष्ट. धान्य संशोधन केंद्रात दाणे निघावेत म्हणूनच तर इतकी माणसं पगार घेतात, चहा पितात आणि एकमेकांच्या खुर्च्या पळवतात. पण नऊ नंबरला दाणे धरायची परवानगीच नव्हती. ती कुंडी वांझ राहणार असं गृहीत होतं, तशी नोंद आधीच रजिस्टरमध्ये झाली होती, आणि झाडाने रजिस्टर वाचलं नव्हतं.

केंद्रात गहू आणि राय यांचं लग्न लावायचं काम चालायचं. राय हे गव्हाच्या गोतातलंच धान्य, दिसायला किडकिडीत, पण अंगाने चिवट. गारठा असो की हलकी जमीन, तक्रार न करता उभं राहणारं. गव्हाचा दाणा आणि रायची चिवट हाडं एकाच रोपात आली तर काय बहार होईल, एवढी साधी इच्छा. ती पुरी करायला मात्र माणसांचे जन्म जातात.

यात चिमटेबाईंचं काम पहिलं आणि सगळ्यांत नाजूक. गव्हाचं फूल स्वतःच्या तुसातच, दार लावून, स्वतःशीच संसार उरकून घेतं. ते व्हायच्या आत, पुंकेसर अजून हिरवे असताना, तूस हलकेच उघडायचं आणि आतले तीन पुंकेसर चिमट्याने काढायचे. तीनच्या तीन. मग ओंबीवर बटर पेपरची पिशवी, दोन दिवसांनी त्यात रायचे पराग, पुन्हा पिशवी, चिठ्ठी, तारीख. तीनांतला एक जरी आत राहिला तरी फूल आपलं आपणच फळतं, आणि जो दाणा तयार होतो तो निव्वळ गहू. बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळत नाही. बाईंनी हे काम तेवीस वर्षं केलं होतं. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाईंच्या हातून पुंकेसर राहत नाही, असं जुने साहेब निवृत्त होतानाच्या भाषणातसुद्धा बोलले होते, आणि बाईंनी ते वाक्य आजवर जपून ठेवलं होतं.

जुन्या साहेबांच्या जागी आलेल्या मॅडम वयाने बाईंच्या मुलीसारख्या. सगळं शिक्षण प्रयोगशाळेत झालेलं. पेशीच्या पोटात काय चालतं ते त्यांना आपल्या घरच्यासारखं ठाऊक, शेतातल्या रोपाशी मात्र ओळख अजून नवी होती. माणूस चांगला, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"बसा मावशी," मॅडम म्हणाल्या. टेबलावर नऊ नंबरचं पाकीट उघडं होतं. "हे बघा. गेल्या हंगामात तुम्ही गहू आणि राय लावून दिलेत, त्यातले अकरा दाणे आपण कुंड्यांत पेरले. एक ते सात नंबरना मी कोल्चिसीनचं औषध दिलं. आठ ते अकरा तसेच ठेवले, तुलनेसाठी. औषध नाही म्हणजे दाणे नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"मग नऊला सतरा दाणे कसे?"

बाईंनी पाकीट जवळ ओढून दाणे पाहिले.

"पिशवी फाटली होती का? बाहेरचे पराग गेले असतील?"

"पिशवी मीच काढली. धड होती."

"मग एकच उरतं, मावशी. नऊ नंबर मुळात संकर नाहीच. साधा गहू आहे. एखादा पुंकेसर आत राहिला असेल." मॅडमनी हे अगदी हळू सांगितलं. "माणसाच्या हातून होतं. पण एक राहिला असेल तर आणखी किती राहिले असतील, हा प्रश्न येतो. तुमच्या हातची आणखी चौसष्ट पाकिटं कोल्डरूममध्ये आहेत. पुढचं सगळं काम त्यांच्यावर आहे. नऊचे चार दाणे मी भिजत घालते, मुळं फुटली की गुणसूत्रं मोजू. तोवर तुम्ही नवीन फुलं उघडू नका. बियाणं तोलायच्या खोलीत बसा."

बियाणं तोलायची खोली म्हणजे केंद्रातलं वानप्रस्थ. ज्यांचे गुडघे, कंबर किंवा डोकं कामातून गेलं त्यांची तिथे रवानगी होई. मॅडमच्या टेबलावर, पाकिटाशेजारी, एका काचेच्या बाटलीत दोन नंबरचे दाणे ठेवलेले होते. औषध दिलेल्या सातांपैकी सहा रोपं त्या औषधानेच मेली होती, दोन नंबर तेवढा जगला आणि त्याच्या पाचही ओंब्या भरल्या. टपोरे, गुळगुळीत दाणे. पुढच्या आठवड्यातल्या वार्षिक बैठकीत मॅडम ती बाटली सगळ्यांना दाखवणार होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्तापासूनच दाखवत होत्या.

घरी आल्यावर बाईंनी धुतलेले कपडे पलंगावर ओतले आणि घड्या घालायला बसल्या. खिडकीशी नणंद शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना टीप मारत होती. नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे घर या दोघींचंच होतं. नणंदेने लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल तिला कधी वाईट वाटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ती शिवणकामातच रमली होती, आणि भावजयीच्या अबोल्याची मापंसुद्धा तिला न विचारता कळत.

"मोजे तिसऱ्यांदा जोडते आहेस," ती मशीन न थांबवता म्हणाली. "काय झालं ते सांग, नाहीतर मोजे इकडे दे."

बाईंनी सांगितलं. नणंदेने मशीन थांबवलं.

"मला एक समजत नाही वहिनी. औषध नाही तर दाणे नाहीत, हे कशावरून?"

हा प्रश्न बाईंनी स्वतः जुन्या साहेबांना वीस वर्षांपूर्वी विचारला होता आणि उत्तर नीट समजेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. त्यांनी समोरचे मोजेच हातात घेतले.

"हे बघा ताई. गव्हाच्या पेशीत बेचाळीस गुणसूत्रं. एकवीस जोड्या. रायमध्ये चौदा, म्हणजे सात जोड्या. पोराला आईकडून एकवीस सुटे मोजे मिळतात आणि बापाकडून सात. झाले अठ्ठावीस, पण एकाचीही जोडी लागत नाही. पोर वाढतं छान. फुलात यायची वेळ झाली की मात्र पंचाईत. तेव्हा सगळे मोजे जोडीने मांडून बरोबर निम्मे वाटायचे असतात. जोड्याच नाहीत तर वाटणार काय? सगळा घोळ होतो आणि ओंबी रिकामी राहते."

"आणि औषध?"

"पेशी फुटायच्या आधी प्रत्येक मोज्याची नक्कल काढून ठेवते. आता दोन भाग होणार, तेवढ्यात औषध तिला अडवतं. भाग होत नाहीत, सगळे मोजे एकाच घरात राहतात. अठ्ठावीसचे छप्पन्न. ज्याला त्याला आपली जोडी मिळाली. ती पेशी वाढून ओंबी झाली की दाणे भरतात. गव्हातही नसलेलं, रायमध्येही नसलेलं नवीनच धान्य."

"स्वतःचीच नक्कल जोडीदार म्हणून," नणंद म्हणाली. "मला आधी कुणी सुचवलं असतं तर मीही विचार केला असता."

बाई हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या.

"मग नऊ नंबरला औषधाशिवाय जोड्या कुठून मिळाल्या?" नणंदेने विचारलं.

"क्वचित कधीतरी पेशी आपली आपणच अडखळते. कुणी न अडवता. वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही, पण होतं. म्हणजे एक तर झाड चुकलं, नाहीतर मी चुकले."

नणंदेने मशीनची सुई काढली, दोरा तोडला आणि दोन्ही पुढे केलं. "ओव."

बाईंनी पहिल्यांदा ओवली ती हवा. दुसऱ्यांदा दोरा सुईच्या शेजारून गेला. तिसऱ्यांदा त्यांनी डावा डोळा मिटला, तेव्हा ओवली गेली.

"थंडीपासून बघते आहे," नणंद म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती. "बटणांची भोकं चुकतात तुझी. रस्ता ओलांडताना डावीकडची सायकल तुला दिसत नाही. मी म्हटलं, सांगशील आपणहून."

बाईंना भीती वाटत होती. ती आजची नव्हती. डाव्या डोळ्यासमोर थंडीपासून दुधाळ पडदा आला होता, आणि त्यांनी तो केंद्रात कुणाला सांगितला नव्हता. उजव्या डोळ्याने भागतं, हाताला सवय आहे, अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी गेला अख्खा हंगाम काढला होता. तेव्हा पुंकेसर राहिला की नाही, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मॅडमना काय वाटेल यापेक्षा हे माहीत नसणं त्यांना जास्त छळत होतं. तेवीस वर्षं ज्या हातावर डोळे मिटून विश्वास टाकला तो हात खरा की खोटा, हे त्यांना कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोलायच्या खोलीत जायच्या आधी त्या ग्रीनहाऊसमध्ये शिरल्या. आत ओल्या मातीचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. नऊ नंबरच्या कुंडीत पाच सुकलेले देठ उभे होते. बाईंनी ते मोजले, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांना स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

देठ पाच, पण पाकिटात ओंबी एकाचीच. बाकीच्या चार त्यांनी स्वतः कापल्या होत्या, चाचपून बघितल्या होत्या, आणि त्या रिकाम्या म्हणून टोपलीत टाकल्या होत्या. केंद्राची ती पद्धतच होती. दाणे असतील त्या ओंबीला पाकीट आणि नोंद, रिकामीला टोपली. शून्य लिहायला शाई कोण घालवणार? म्हणून मॅडमच्या टेबलावर एक भरलेली ओंबी तेवढी पोचली, आणि चार रिकाम्या खतात जाऊन कुजल्या.

नऊ नंबर साधा गहू असता तर पाचही भरल्या असत्या. साध्या गव्हाला एका ओंबीत दाणे धरून चार रिकाम्या ठेवायचं काय कारण? एकाच देठाच्या सुरुवातीच्या पेशीत अडखळ झाली असेल, तर मात्र नेमकं असंच दिसायला हवं.

पण टोपलीतल्या ओंब्यांची साक्ष कोण मानणार? त्या वाकल्या आणि देठाची मान, म्हणजे ओंबी जिथून कापली त्याच्या लगेच खालचा भाग, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हळूच फिरवली. रायच्या मानेवर बारीक लव असते. गव्हाची मान गुळगुळीत. पोर पहिल्या पिढीत बहुतेक आईच्या तोंडवळ्याचं दिसतं, पण मान बापाची घेतं. ही ओळख पुस्तकात असेलही, बाईंना ती बोटांनी शिकवली होती.

लव होती. पाचही देठांवर होती.

त्या तिथेच, पाण्याच्या नळाशेजारी, उलट्या बादलीवर बसल्या. हात खरा होता. डोळ्याला काही का झालं असेना, नऊ नंबरचे तिन्ही पुंकेसर त्यांनी काढले होते. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. इथे उठून त्या सरळ मॅडमकडे गेल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण बाईंना एक खोड होती. एक मान बघितली की शेजारची बघितल्याशिवाय त्यांच्याच्याने राहवत नसे.

आठ नंबर बघितला. लव. दहा, अकरा. लव, लव. मग मेलेल्या रोपांच्या कुंड्या ओलांडून त्या दोन नंबरपाशी आल्या, मॅडमच्या बाटलीतल्या दोन नंबरपाशी. मान बोटात धरली.

बोट सरकन घसरलं. त्यांनी दुसरा देठ धरला, तिसरा, पाचवा. बोटं ॲप्रनला पुसून पुन्हा धरले. कुठेही लव नव्हती. पाचही मानांवरून बोट काचेवरून फिरावं तसं फिरत होतं.

आणि मग सगळं आपोआप जुळत गेलं. पाचच्या पाच ओंब्या भरलेल्या. टपोरे, गुळगुळीत दाणे, तर नऊचे सतरा सुरकुतलेले. नव्या धान्याची पहिली पिढी कधी इतके देखणे दाणे देत नाही, हे बाईंनी जुन्या साहेबांच्या काळात बघितलं होतं. दोन नंबरला औषध लागू पडलंच नव्हतं, म्हणूनच तो इतका निरोगी जगला. पण तो दाणे धरणारच अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि अपेक्षेप्रमाणे झालं की कुणी प्रश्न विचारत नाही. चुकलेला पुंकेसर तिथे होता.

बाई पुन्हा बादलीवर बसल्या. आता त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. तीन दिवसांनी नऊ नंबरची मुळं मोजली जातील, छप्पन्न निघतील, मॅडम माफी मागतील, चिमटा परत मिळेल. दोन नंबरकडे कुणी ढुंकून बघणार नाही. बाटली बैठकीत फिरेल, टाळ्या पडतील. केव्हातरी पुढे, कुणीतरी ते दाणे पेरेल आणि बुचकळ्यात पडेल, तेव्हा बाई निवृत्त झालेल्या असतील. गप्प बसायचं एवढंच काम होतं, आणि ते त्यांना थंडीपासून चांगलं जमत होतं.

त्यांनी गप्प बसायचा विचार खरोखरच केला. पण मनात एक किडा वळवळायला लागला होता. बोट म्हणतं ते खरं का? मोजल्यावर बेचाळीस निघतील का? हे न कळता पुढची वर्षं काढायची, या कल्पनेनेच त्यांचा जीव कासावीस झाला.

त्या मॅडमच्या खोलीत गेल्या तेव्हा मॅडम नऊ नंबरचे दाणे ओल्या कागदावर मांडत होत्या.

"मॅडम, यांच्याबरोबर दोन नंबरचेही चार भिजवा."

"दोनचे कशाला? ते तर..."

"ते साधे गहू आहेत, असं मला वाटतं. माझ्या हातून राहिलाय पुंकेसर. नऊमध्ये नाही राहिला. दोनमध्ये राहिलाय." एका दमात बोलून झाल्यावर त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "थंडीपासून डाव्या डोळ्याने मला धड दिसत नाही. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

मॅडमनी बाटली उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, मग गेला, मग पुन्हा आला. बाईंनी तो सगळा उभ्याने बघितला. शेवटी मॅडमनी बाटलीचं बूच काढलं आणि चार दाणे तळहातावर घेतले.

"मान म्हणजे नक्की कुठे बघायची?" त्यांनी विचारलं.

दोघी ग्रीनहाऊसमध्ये गेल्या. मॅडमना पहिल्यांदा लव लागेना. बाईंनी त्यांचं बोट धरून खालून वर फिरवलं, तेव्हा त्या दचकल्या आणि मग नऊ आणि दोनच्या मध्ये चार खेपा घातल्या.

चौथ्या दिवशी मुळांची टोकं कापून, रंगवून, दोन काचांमध्ये अंगठ्याने दाबून तयार झाली. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मोजत होत्या आणि कागदावर रेघा मारत होत्या. नऊ नंबर. एक पेशी, दुसरी पेशी, तिसरी. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"छप्पन्न," त्या म्हणाल्या. "तिन्हींत. मावशी, हे औषधाशिवाय झालंय. आपण काहीच केलेलं नाही आणि झालंय. मी हे फक्त वाचलं होतं."

"मी बघू?"

बाईंनी उजवा डोळा लावला. आत जांभळ्या रंगाच्या बारीक काड्यांचा पसारा होता, कुणीतरी मुठीतून सांडल्यासारखा. आईच्या बेचाळीस, बापाच्या चौदा. तेवीस वर्षं त्यांनी ज्यांची लग्नं लावली ती मंडळी त्यांना पहिल्यांदाच एका घरात दिसत होती. त्यांचा डोळा भरून आला आणि सगळं पुसट झालं, म्हणून त्यांना मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. छप्पन्नच भरल्या.

मग मॅडमनी काच बदलली. या वेळी त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "दोन नंबर तुम्हीच मोजा आधी."

बाईंनी मोजलं. सावकाश, कडेकडेने, प्रत्येक काडीला मनात नंबर देत. एकदा मोजून झाल्यावर दुसऱ्या पेशीत मोजलं.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या.

मॅडमनी स्वतः बघितलं, मान हलवली आणि रजिस्टर पुढे ओढलं. दोन नंबरच्या ओळीवर रेघ मारून त्यांनी समोर 'गहू' एवढंच लिहिलं. बैठक दुसऱ्या दिवशी होती. बाटली त्यांनी कपाटात ठेवली, आणि नऊचं पाकीट, त्यातल्या उरलेल्या तेरा सुरकुतलेल्या दाण्यांसकट, आपल्या बॅगेत.

"डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या," त्या म्हणाल्या. "जागा मी कुणाला देत नाही. तोवर रजा टाका. या सगळ्यात तुमचा जीव बराच टांगणीला लागला होता, मला कळतं."

बाईंनी ॲप्रनच्या खिशातून चिमटा काढून टेबलावर ठेवला.

"ऑपरेशन करते. पण रजा नंतर," त्या म्हणाल्या. "आधी कोल्डरूममधली माझी चौसष्ट पाकिटं काढा. किती चुकले ते मला मोजायचंय."

"चौसष्टच्या चौसष्ट? मावशी, महिना जाईल."

"उजवा डोळा चांगला आहे," बाई म्हणाल्या आणि कागद ओले करायला बेसिनकडे गेल्या.